मदत हवी आहे: पित्ताशय काढल्यावर जेवलं की लगेच संडासला जावं लागतं

आईचं पित्ताशय खड्यांमुळे दुर्बिणीतून काढलं, त्याला तीन महिने होत आले. जखमा छान भरल्या, पोटात दुखत नाही, ताप-कावीळ नाही. लिव्हरचे आणि शौचाचे रिपोर्ट नॉर्मल. शुगर नाही, म्हणजे त्यासाठीच्या मेटफॉर्मिन गोळीमुळे जुलाब होत असण्याचाही प्रश्न नाही.

पण सकाळचा नाश्ता झाला की पंधरा मिनिटांत जावंच लागतं; पिवळसर, पातळ, जळजळ होते. डॉक्टर म्हणाले, साठवायला पिशवी नसल्यामुळे पित्त सतत आतड्यात उतरतं, बहुतेकांचं हळूहळू बसतं. तेल-तूप अगदी कमी केलंय, दुधाचा चहा बंद, थोडं थोडं चार-पाच वेळा खाते. फरक आहे, पण पुरेसा नाही. ती अंगणवाडी सेविका आहे, एसटीने जाते, त्यामुळे भीतीपोटी उपाशीच निघते. हे मला फार खटकतं, कारण मग दुपारी जेवल्यावर त्रास जास्त होतो.

आता डॉक्टरांनी पित्त बांधून ठेवणारी कोलेस्टायरामिनची पावडर सुचवली आहे. तिची थायरॉईडची गोळी चालू आहे, त्यामुळे दोन्हींमध्ये किती वेळाचं अंतर ठेवायचं ते त्यांना विचारणारच आहे. ज्यांनी ही पावडर घेतली, त्यांना किती दिवसांत फरक पडला, आणि सकाळी बाहेर पडण्याआधी काय खाल्लेलं सोसलं?