‘आघाडी’ कशातली? प्रायमरीचा जोर सांगणारे शब्द

प्रश्न

मंडळी, एका शब्दापाशी अडले आहे. अमेरिकेतल्या अध्यक्षपदाच्या प्रायमरींवरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात कुणाचा प्रचार किती जोरात आहे हे कशावरून ओळखायचं, याची चर्चा आहे. पहिल्या खर्ड्यात मी सरसकट ‘आघाडी’ लिहून मोकळी झाले. काल रात्री वाचताना लक्षात आलं की मतचाचण्यांत आघाडी, देणग्यांत आघाडी आणि प्रतिनिधींच्या (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणाऱ्यांच्या) संख्येत आघाडी या तीन निराळ्या गोष्टी माझ्या मजकुरात एकच होऊन बसल्या आहेत. शिवाय ‘आघाडी’ म्हटलं की आपल्या वाचकाला आधी पक्षांची युती आठवते. ‘प्रबळ’, ‘तगडा’, ‘मजबूत’ यांनी भागेल का? आणि ‘प्रायमरी’ला ‘प्राथमिक निवडणूक’ म्हणावं का?

प्रतिसाद १

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. ‘प्राथमिक निवडणूक’ नको. प्राथमिक शाळा, प्राथमिक उपचार, प्राथमिक फेरी, या सगळ्यांत ‘पुढे याचाच मोठा भाग येणार आहे’ असं गृहीत असतं. वाचकाला वाटतं, ही त्याच निवडणुकीची पहिली फेरी. प्रायमरीत एका पक्षाची उमेदवारी कुणाला हे मतदार ठरवतात. आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात, तिथे ते मतपेटीतून निघतं. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘तिकिटाची निवडणूक’ असं फोडून सांगा आणि पुढे खुशाल ‘प्रायमरी’ लिहा.

आता ‘आघाडी’. विशेषण बदलून काही साधणार नाही. ‘तगडा’ लिहिलंत तरी ‘कशात तगडा?’ हा प्रश्न उरतोच. आपल्या भाषेत यासाठी आधीच वेगवेगळे शब्द आहेत, ते वेगळेच ठेवा.

चाचण्या, देणग्या, वाहिन्यांवरचा वेळ यांना ‘हवा’ म्हणा. ‘यंदा हवा कुणाची?’ हे आपण गावात, एसटीत, कट्ट्यावर विचारतोच, आणि हवा फिरते हे त्या शब्दातच आलं. १९८० साली जॉन कॉनली यांनी रिपब्लिकन उमेदवारीसाठी सुमारे १ कोटी १० लाख डॉलर खर्च केले आणि त्यांना एकच प्रतिनिधी मिळाला. २०१५ च्या पहिल्या सहा महिन्यांत जेब बुश यांच्या बाजूच्या समितीने १० कोटी डॉलरहून जास्त जमवले. २०१६ च्या फेब्रुवारीत साउथ कॅरोलायनानंतर ते बाहेर पडले तेव्हा त्यांच्या पदरात होते चार प्रतिनिधी.

‘पदरात’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. मतं मिळतात, प्रतिनिधी पदरात पडतात. उमेदवारी या प्रतिनिधींच्या संख्येवर ठरते, म्हणून मतांची आघाडी आणि पदरातली संख्या एका वाक्यात मिसळू नका. ५ फेब्रुवारी २००८ चं उदाहरण घ्या. न्यू जर्सीत डेमोक्रॅटिक प्रायमरीला ११ लाखांवर लोकांनी मत दिलं. बराक ओबामांविरुद्ध हिलरी क्लिंटन जिंकल्या, प्रतिनिधी ५९ विरुद्ध ४८, म्हणजे ११ जास्त. त्याच दिवशी आयडाहोत कॉकस होता, म्हणजे ठरल्या वेळी एका जागी जमून कौल देण्याची सभा. जेमतेम २१ हजार लोक आले. ओबामांना १५ प्रतिनिधी, क्लिंटन यांना ३. फरक १२ चा! मोठ्या राज्यात घासून जिंकण्यापेक्षा छोट्या राज्यात एकतर्फी जिंकणं जास्त फळलं, कारण डेमोक्रॅटिक पक्षात प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटले जातात. ओबामांच्या माणसांनी अशा राज्यांत आधीपासून कार्यालयं थाटली होती, कार्यकर्ते नेमले होते. याला आपला अस्सल शब्द ‘बांधणी’. पक्षबांधणी, बूथबांधणी आपण रोज बोलतो.

हवा, बांधणी, पदर. जोर मोजायचा तर यांतलं नेमकं काय मोजलं हे शब्दानेच सांगावं, असं माझं ठाम मत आहे.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादात कॉकससाठी ‘कौल’ आला आहे तो योग्य जागी आहे. पण आपली वर्तमानपत्रं चाचणीलाही ‘मतदारांचा कौल’ म्हणतात, त्याचा मला मनापासून त्रास होतो. मी सिंधुदुर्गातली. आमच्याकडे देवाला कौल लावतात. पाकळी उजवीकडून पडली की डावीकडून, जे आलं ते मानायचं असतं, त्यावर घरातली कामं ठरतात. कौल हा निर्णय असतो. हजारभर लोकांना फोन करून काढलेला अंदाज म्हणजे कौल नव्हे. ताई, चाचणीला ‘चाचणी’च ठेवा आणि ‘कौल’ मतदानासाठी राखा.

आणखी एक. ‘पारडं जड’ टाळा. तराजूला पारडी दोनच असतात. २०१६ ला रिपब्लिकन पक्षात १७ नावाजलेले उमेदवार होते, तिथे कुणाचं पारडं आणि कशाविरुद्ध?

प्रतिसाद ३

पारड्याचा मुद्दा पटला, कारण मी मिशिगनमध्ये राहतो आणि हे जवळून पाहिलं आहे. बेळगावहून आलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये इथल्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले. सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात त्यांची जाहिरात लागली तेव्हा आमच्या दिवाणखान्यात चार मराठी कुटुंबं होती. मराठी आडनाव पडद्यावर दिसलं आणि पोरं ओरडलीच. स्वतःचे लाखो डॉलर ओतले होते, हवा चांगली होती. निकालात ग्रेचेन व्हिटमर यांना सुमारे ५२ टक्के आणि ठाणेदारांना १८ टक्क्यांच्या आसपास. तिसरा क्रमांक.

आम्ही सगळ्यांनी ‘पैसा वाया गेला’ म्हणून विषय मिटवला. तो चुकीचा निष्कर्ष होता, कारण डेट्रॉइट शहरात सर्वांत जास्त मतं त्यांनाच पडली होती. २०२० मध्ये ते डेट्रॉइटमधूनच राज्याच्या विधिमंडळात गेले आणि २०२२ मध्ये काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) १३व्या मतदारसंघाची प्रायमरी जिंकले. तिथे नऊ उमेदवार होते आणि जिंकायला सुमारे २८ टक्के पुरले. या मतदारसंघात डेमोक्रॅटिक तिकीट मिळालं की नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीची फारशी काळजी नसते.

म्हणून प्रतिसाद १ मधल्या तीन शब्दांत चौथा घालतो: ‘मतविभागणी’. जोर स्वतःचा किती आणि बाकीच्यांनी एकमेकांची मतं खाल्ली म्हणून किती, हे या एका शब्दाने वेगळं होतं. आणि राज्याची सरासरी सांगताना जोर कुठे आहे तेही लिहा. ‘बालेकिल्ला’ लिहायला हरकत नाही, पण एकदा जिंकल्याने बालेकिल्ला होत नाही.

प्रतिसाद १ (पुन्हा)

बरोबर आहे, ‘कुठे’ हे मी सोडूनच दिलं होतं. २०२० ला डेमोक्रॅटिक प्रायमरींत जो बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे. वाहिन्यांवर ‘मोहीम संपली’ सुरू झालं. ती दोन्ही राज्यं जवळपास सगळी गोऱ्या मतदारांची. साउथ कॅरोलायनात डेमोक्रॅटिक मतदारांत निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय. २९ फेब्रुवारीला तिथे ते मोठ्या फरकाने जिंकले आणि ३ मार्चला मतदान झालेल्या १४ पैकी १० राज्यं घेतली. यालाच आपण ‘मुसंडी’ म्हणतो, आणि इथे तो शब्द शोभतो. मात्र जोर मधल्या तीन आठवड्यांत उगवला नव्हता. जिथे होता तिथे अजून मतदानच झालं नव्हतं.

उलट बाजूचा शब्दही हवा. १९७२ मध्ये डेमोक्रॅटिक प्रायमरीत एडमंड मस्की न्यू हॅम्पशायर ४६ टक्के मतांनी जिंकले, प्रतिस्पर्धी जॉर्ज मॅकगव्हर्न ३७ वर. शेजारच्या मेन राज्याचे असल्याने मस्कींनी निम्म्याहून जास्त घ्यावीत अशी अपेक्षा होती, म्हणून बातम्यांत ते हरल्यासारखेच ठरले. यासाठी ‘फिका विजय’ कसं वाटतं?

मूळ प्रश्नकर्ती

‘फिका विजय’ घेतला. काल ज्या वाक्यावर अडले होते ते आता असं झालं आहे: ‘चाचण्यांत त्यांची हवा होती, चार राज्यांत बांधणीही चांगली होती, पण मतविभागणीचा फायदा दुसऱ्याला झाला आणि पदरात मोजकेच प्रतिनिधी पडले.’ आधी तिथे फक्त ‘आघाडी असूनही ते हरले’ होतं. आता १५ टक्क्यांच्या अटीवर अडले आहे. डेमोक्रॅटिक पक्षात त्याहून कमी मतं मिळाली तर प्रतिनिधी मिळत नाहीत. मी ‘उंबरठा’ लिहिलं आहे. ‘उंबरठा ओलांडला’ कानाला बरं लागतं, पण ‘उंबरठ्यावर’ म्हटलं की मराठीत माणूस आत येण्याच्या बेतात असतो, आणि इथे १४ टक्केवाला बाहेरच राहतो. दुसरं काही सुचतंय का?