नागरी सहकारी बँक: सायबर ऑडिटचे शेरे, सुरुवात कुठून करावी?

प्रश्न

नमस्कार. मी पश्चिम महाराष्ट्रातील एका नागरी सहकारी बँकेत काम करतो. शाखा ११ आहेत आणि माहिती तंत्रज्ञान विभागात आम्ही तिघे आहोत. गेल्या महिन्यात माहिती सुरक्षेचा कार्यभार माझ्याकडे आला आणि पाठोपाठ ऑडिटचे ४३ शेरेही आले. आमचे सायबर धोरण दुसऱ्या बँकेच्या धोरणावरून उतरवलेले आहे, हे एका पानावर त्या बँकेचे नाव तसेच राहिल्यामुळे ऑडिटरच्या लक्षात आले. सीबीएस (सर्व शाखांची खाती सांभाळणारी मध्यवर्ती प्रणाली) आणि एटीएम स्विच (एटीएमच्या विनंत्या मंजुरीसाठी पुढे पाठवणारी यंत्रणा) दोन्ही व्हेंडरकडे, म्हणजे बाहेरच्या सेवा पुरवठादाराकडे आहेत. दोषदुरुस्ती अहवाल लवकरच द्यायचा आहे आणि संचालक मंडळ एवढेच विचारते की किती शेरे निकाली निघाले. सोपे शेरे संपवून आकडा खाली आणावा, की अवघड कामांना आधी हात घालावा?

उत्तर १ (निवृत्त ऑडिटर)

धोरणावर सही नसणे हा एक शेरा, आणि स्विचच्या सर्व्हरवर सर्वांचा एकच पासवर्ड असणे हाही एकच शेरा. मोजणीतली खोट इथेच आहे. यादी बाजूला ठेवून आधी बँकेतून पैसा बाहेर जाण्याच्या वाटा कागदावर मांडाव्यात: एटीएम, आयएमपीएस, यूपीआय, एनईएफटी, आरटीजीएस. प्रत्येक वाटेवर मंजुरी कोण देते आणि ती खोटी निघाली तर आपल्याला किती वेळात कळेल, हे त्यापुढे लिहावे.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या हल्ल्यात एटीएमच्या विनंत्यांना बनावट प्रणालीतून होकार मिळत गेला, म्हणजे खात्यात शिल्लक आहे का, हे सीबीएसला विचारलेच गेले नाही. ११ तारखेला, शनिवारी, २८ देशांतून रकमा काढल्या गेल्या आणि १३ तारखेला स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यामार्फत सुमारे १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगला वळवले गेले. एकूण फटका सुमारे ९४ कोटींचा होता. म्हणून स्विचने मंजूर केलेले व्यवहार आणि सीबीएसमधील नोंदी यांचा ताळमेळ दिवसातून किती वेळा लागतो आणि शनिवार-रविवारी तो कोण पाहते, हा प्रश्न ४३ मध्ये नसला तरी मी पहिला घेईन.

उत्तर २ (दुसऱ्या बँकेतील अधिकारी)

ताळमेळाबाबत सहमत आहे, पण आपली खरी जोखीम व्हेंडरच्या घरात आहे. जुलै २०२४ मध्ये सी-एज या सेवा पुरवठादारावर रॅन्समवेअर (माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणारा) हल्ला झाला, यूपीआय आणि आयएमपीएस चालवणाऱ्या एनपीसीआयने त्याला किरकोळ पेमेंट प्रणालीपासून तात्पुरते तोडले आणि सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार अडले. त्यातील बहुतेकांच्या स्वतःच्या संगणकांना काहीच झाले नव्हते. करार काढून पाहा: घटना घडल्यास व्हेंडरने किती तासांत कळवायचे, हे त्यात आहे का? सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्या संस्थेला कळवावे लागते, आणि व्हेंडरने दुसऱ्या दिवशी ईमेल केला तर घटना आपल्या लक्षातच एक दिवस उशिरा येणार.

प्रश्नकर्ता

करार पाहिला. कळवण्याचे कलम नाही. शिवाय लॉग (प्रणालीतील हालचालींच्या नोंदी) ३० दिवसच ठेवतो, जास्त हवे असल्यास वेगळे शुल्क लागेल, असे व्हेंडर म्हणतो.

उत्तर १ (निवृत्त ऑडिटर)

सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस जपायला सांगितले आहे, त्यामुळे इथे घासाघीस दरावर होऊ शकते, मुदतीवर नाही. शुल्काचा प्रस्ताव संचालक मंडळापुढे लेखी ठेवा. मंडळाने नकार दिला, तर 'ही जोखीम मंडळाने स्वीकारली' असे इतिवृत्तात नोंदवून घ्या. माझ्या अनुभवात ते वाक्य लिहायची वेळ आली की पैसे मंजूर होतात. सोपे शेरे विभागातील एका सहकाऱ्याकडे सोपवा, कारण अहवालही वेळेत जायलाच हवा. आणि व्हेंडर, सर्ट-इन, रिझर्व्ह बँक यांचे संपर्क क्रमांक छापून रोखपालाच्या खोलीत लावा. आमच्या एका तपासणीत ती यादी ज्या सर्व्हरवर होती, तोच बंद पडला होता.