सगळे ‘हो’ म्हणतात, मग डब्यात काच कशी?

सुनंदा_कोथरूड: आमच्या सोसायटीत ४२ घरं. गेल्या महिन्यात वही घेऊन दारोदार फिरले. ओला-सुका कचरा वेगळा करायला हवा का? ४० घरांनी ‘हो, करायलाच हवा’ म्हटलं. पुढच्याच सोमवारी कचरावाल्या ताईंनी ओला डबा उपसला, तर चहाच्या चोथ्यात फुटका पेला. त्यांचा अंगठा चिरला. मीच हळद दाबून धरली, तरी रक्त थांबेना. तेव्हापासून मनातून जात नाही. लोक माझ्याशी खोटं बोलले का?

वर्गातला_मास्तर: ताई, खोटं म्हणायची घाई नको. मी सामाजिक मानसशास्त्र शिकवतो. १९३०पासून पुढे दोनेक वर्षं रिचर्ड लापिएर हा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एका तरुण चिनी जोडप्याला घेऊन अमेरिकाभर गाडीने फिरला. तिथे तेव्हा चिनी लोकांबद्दल उघड द्वेष होता. तरी २५१ हॉटेलं-खाणावळींपैकी एकाच ठिकाणी नकार मिळाला. सहा महिन्यांनी त्याच ठिकाणांना पत्राने विचारलं, ‘चिनी गिऱ्हाईक घ्याल का?’ १२८ उत्तरं आली, त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त ‘नाही’. तुमच्या नेमकं उलट झालं बघा. कागदावर नुसता ‘चिनी’ शब्द होता, दारात मात्र सामान घेतलेली, हसून बोलणारी दोन माणसं.

नलू_मावशी: मला हे अर्धंच पटतं. पत्राला उत्तर देणारा आणि गल्ल्यावरचा माणूस एकच होता कशावरून? त्यापेक्षा डेव्हिडसन आणि जॅकार्ड यांचा १९७९चा अभ्यास बघा. बायकांना संततिनियमनाबद्दल काय वाटतं ते विचारलं. त्या मताचा आणि पुढच्या दोन वर्षांत गोळ्या घेण्याचा सहसंबंध (शून्य म्हणजे काहीच नातं नाही, एक म्हणजे पूर्ण जुळणी) निघाला ०.०८, म्हणजे जवळपास नाहीच. ‘येत्या दोन वर्षांत तुम्ही स्वतः गोळ्या घेणं’ याबद्दल विचारलं, तेव्हा तो ०.५७ निघाला. सुनंदा, तू कचऱ्याबद्दलचं मत विचारलंस. आता विचार, काच फुटली की ती कुठे टाकता?

सुनंदा_कोथरूड: मावशी, काल विचारलं. पहिल्याच घरातल्या आजी म्हणाल्या, ‘अगं, काचेला वेगळी जागा आहे कुठे?’ खरंच नव्हती! जिन्याखाली रंगाचा रिकामा डबा ठेवला, वर मोठ्या अक्षरात ‘काच’ लिहिलं. आज सकाळी त्यात दोन बल्ब आणि एक फुटकी लोणच्याची बरणी होती. ताईंना नेऊन दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘बरं झालं. आता दाढीच्या पात्यांचंही बघा.’ तुमच्याकडे पाती कशात गुंडाळून देतात?