फोर्साइथ काउंटीचा इतिहास २००० साली सुरू होत नाही

रानजाई
'नव्याने फोर्साइथमध्ये येणाऱ्यांसाठी' अशी, आपल्या या अटलांटाजवळच्या (जॉर्जिया) काउंटीची लांबलचक माहिती परवा या फोरमवर कुणीतरी टाकली. शाळा, एचओए (घरमालकांची सोसायटी), किराणा, सगळं नीट लिहिलंय. इतिहासाला मात्र दोनच वाक्यं: '२००० च्या आधी इथे कोंबड्यांच्या शेडशिवाय काही नव्हतं. १९८७ मध्ये बाहेरच्यांनी येऊन थोडा गोंधळ घातला, पण आता सगळं छान आहे.' राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय.

तो 'गोंधळ' काय होता ते वाचा. १७ जानेवारी १९८७, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या सुट्टीच्या आधीचा शनिवार. पाऊणशे माणसं नागरी हक्क चळवळीतल्या होजिया विल्यम्सबरोबर वंशद्वेषाविरुद्ध शांतपणे चालायला निघाली. समोर चारेकशे लोक कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेचे झेंडे घेऊन उभे. दगड आले, बाटल्या आल्या, मोर्चा अर्ध्यावर सोडावा लागला. पुढच्याच शनिवारी, २४ तारखेला, वीस हजार माणसं कमिंगमध्ये, म्हणजे काउंटीच्या मुख्य गावात, उतरली. किंग यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग आणि चळवळीतले जॉन लुईस, अँड्र्यू यंग, जेसी जॅक्सन होते. नॅशनल गार्ड आणि पोलीस मिळून दोन हजारांच्या आसपास बंदोबस्त होता.

आणि 'बाहेरचे' कोण? मोर्चाची कल्पना याच काउंटीत राहणाऱ्या एका गोऱ्या माणसाची. त्याला इतक्या धमक्या आल्या की त्याने माघार घेतली, मग शेजारच्या हॉल काउंटीतल्या माणसाने ती पुढे नेली.

हे सगळं १९१२ मुळे. एका गोऱ्या मुलीवरच्या हल्ल्याच्या संशयावरून रॉब एडवर्ड्स या काळ्या तरुणाला कमिंगच्या तुरुंगातून ओढून काढून मारलं आणि चौकात लटकवलं. अर्नेस्ट नॉक्स आणि ऑस्कर डॅनियल या दोन कोवळ्या काळ्या पोरांना एका दिवसात खटला उरकून हजारो लोकांसमोर फाशी दिलं. मग रात्री-बेरात्री घोड्यांवरून माणसं फिरली, चर्चं जाळली आणि काउंटीतल्या जवळजवळ सगळ्या, म्हणजे अकराशेच्या आसपास काळ्या माणसांना हाकलून दिलं. पुढची पाऊणशे वर्षं इथे काळं माणूस राहू शकलं नाही.

२०२० च्या जनगणनेत इथली १८ टक्के वस्ती आशियाई होती, तिच्यात आपण आहोत. आपल्याला इथे निर्धास्त घर घेता येतं, त्याच्या मुळाशी १९८७ आहे. आपल्या मुलांना हे आपण सांगायला हवं.

जुना अटलांटाकर
रानजाई, भावना पोचल्या. पण इतिहास भावनेवर चालत नाही. १९९० च्या जनगणनेत काउंटी ४४ हजारांची होती आणि काळी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. म्हणजे वीस हजारांचा मोर्चा होऊनही तीन वर्षांत काहीही हललं नव्हतं. गव्हर्नरने समिती नेमली, तिच्यातल्या गोऱ्या आणि काळ्या सदस्यांचंच एकमत झालं नाही. १९१२ मध्ये गेलेल्या जमिनीचा एक सेंट कुणाला मिळाला नाही.

काउंटी बदलली ती अटलांटाकडून येणाऱ्या ४०० नंबरच्या हायवेने, शेजारच्या अल्फारेटाच्या ऑफिसांनी आणि स्वस्त जमिनीने. २००० मध्ये ९८ हजार, २०१० मध्ये पावणेदोन लाख, २०२० मध्ये अडीच लाख. हे आकडे मोर्चाने आणले नाहीत. मी नव्वदीच्या मध्यात अटलांटात आलो, तेव्हा ऑफिसातल्या एका काळ्या सहकाऱ्याने पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, 'लेक लेनियरवर जाशील तर जा, पण कमिंगमध्ये पेट्रोल भरायलाही थांबू नकोस.'

रानजाई
तुमच्या सहकाऱ्याने जे सांगितलं तेच तर मी सांगतेय! मोर्चानंतर इतक्या वर्षांनीही त्यांना थांबायची भीती वाटत होती. ही भीती कुठून आली ते नव्याने येणाऱ्याला कळायला नको?

पिवळी_बस
मला एक सांगा, हे सगळं वाचून पुढच्या मंगळवारी रिडिस्ट्रिक्टिंगच्या, म्हणजे शाळांच्या हद्दी बदलण्याच्या, मीटिंगला किती जण येणार आहात? माझ्या मुलीची शाळा दोनदा बदलली. सबडिव्हिजनच्या मधूनच रेघ ओढलीय, तिच्या वर्गातल्या मैत्रिणी रस्त्यापलीकडच्या शाळेत गेल्या. ट्रेलरमध्ये वर्ग भरतात. सत्त्याऐंशी नि बाराचं बघायला वेळ आहे, पोरांच्या आजच्या शाळेचं बघायला कुणी नाही. मागच्या वेळी मराठी चेहरे किती होते? मोजके.

साऊथ_फोर्साइथ
रानजाई, मुख्य गोष्ट तर तुम्ही लिहिलीच नाही. लेक लेनियरच्या तळाशी ऑस्करव्हिल नावाचं काळ्यांचं गाव आहे. सरकारने धरण बांधलं, गाव बुडवलं, लोकांना हाकललं. म्हणून तर दरवर्षी त्या पाण्यात माणसं बुडून मरतात. आम्ही मुलांना तिथे पोहायला सोडत नाही.

कोयनेकाठचा
हे वाचलं आणि डोकं फिरलं. स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

ऑस्करव्हिलच्या काळ्या कुटुंबांना हाकललं १९१२ मध्ये. लेक लेनियर ज्याने झालं त्या बफर्ड धरणाचं काम सुरू झालं १९५० मध्ये. मध्ये अडतीस वर्षं गेली! पाणी आलं तेव्हा त्या शेतांवर नांगर धरायला गोरेच होते. आर्मीच्या इंजिनियरांनी सातशेच्या आसपास कुटुंबं हलवली, ती बहुतेक गोरी होती आणि त्यांना जमिनीचे पैसे मिळाले. काळ्यांना तळ्याने हाकललं नाही. शेजाऱ्यांनी हाकललं, ज्यांच्याबरोबर ते त्याच बाजाराला जात होते. दोष पाण्यावर ढकलला की माणसं सुटतात, म्हणून ही भुताची गोष्ट इतकी चालते. आणि माणसं बुडतात ती लाइफ जॅकेट घालत नाहीत, दारू पिऊन बोट चालवतात आणि पाण्याखाली झाडांची खोडं आहेत म्हणून.

माझ्या आजोबांचं गाव कोयनेच्या शिवसागरात गेलं. त्यांना सोलापूरकडे जमीन दाखवली. काळ्या कसदार मातीतून उठून खडकावर बसले, मरेपर्यंत कागद घेऊन तहसीलला खेटे घालत राहिले. पण कागद होते! गावाचं नाव, गट नंबर, मोबदल्याचा आकडा, भांडायला समोर सरकार. इथल्या अकराशे लोकांना भांडायला समोर कोण होतं? म्हणून धरणग्रस्ताच्या नातवाला ही भेसळ सहन होत नाही.

साऊथ_फोर्साइथ
इतकं अंगावर यायची गरज नव्हती. मी ऐकलेलं लिहिलं. बरं, तारखा तुमच्या बरोबर असतील. पण गाव पाण्याखाली गेलं हे तर खरं ना?

कोयनेकाठचा
गावाचा भाग गेला, हो. रिकामा केलेला.

रानजाई
कोयनेकाठचा यांनी कागदांचं लिहिलं, तिथेच खरी मेख आहे. काळ्यांच्या काही जमिनी मातीमोल भावाने विकल्या गेल्या. काही कधी विकल्याच गेल्या नाहीत. मालक परत येऊ शकत नव्हता, शेजाऱ्याने कुंपण सरकवलं आणि कर भरायला सुरुवात केली. जॉर्जियाच्या कायद्यात वीस वर्षं ताबा असला की मालकी मिळते, आणि हातात कसला तरी दस्त असेल तर सात वर्षंही पुरतात. आमच्या घराच्या क्लोजिंगला (खरेदीच्या वेळी) वकिलाने टायटल तपासलं ते दुसऱ्या महायुद्धानंतरचंच. त्याच्या मागे काय आहे असं विचारलं तर म्हणाला, त्याची गरज पडत नाही.

साऊथ_फोर्साइथ
म्हणजे आता माझं घर चोरीचं? तीस वर्षांचं लोन आहे माझ्या डोक्यावर. एच-वनवर दहा वर्षं काढली, ग्रीन कार्डाच्या रांगेत अजून उभा आहे, या देशात मला मतही नाही. १९१२ मध्ये माझे आजोबा जन्मलेही नव्हते. जे केलं ते इथल्या गोऱ्यांनी केलं आणि हिशेब आम्ही द्यायचा?

रानजाई
हिशेब द्या असं मी कुठेही म्हटलेलं नाही. माहीत असू द्या म्हटलं. तुम्हाला मत नाही, पण तुमच्या मुलीला अठराव्या वर्षी असेल ना?

जुना अटलांटाकर
साऊथ_फोर्साइथ यांचा त्रास मला समजतो. आपण इथे शांतपणे राहायला आलोय. गोरे आणि काळे यांच्या शंभर वर्षं जुन्या भांडणात उडी घेतली की उद्या दोन्हीकडून बोलणी खावी लागतात. शेजारी चांगले आहेत, दिवाळीला घरी येतात. त्यांच्यासमोर हे काढायचं?

कोयनेकाठचा
काका, तुमच्या त्या चांगल्या शेजाऱ्यांनीच काढलंय. कमिंगच्या चौकाजवळ रॉब एडवर्ड्सच्या नावाची पाटी २०२१ मध्ये लागली, ती इथल्याच लोकांनी खटपट करून लावली. हाकललेल्यांच्या वंशजांसाठी इथल्या चर्चनी शिष्यवृत्ती सुरू केली. त्यांना बोलायला लाज वाटत नाही आणि आपण त्यांची लाज राखत बसलोय.

आणि मोर्चाने काही हललं नाही म्हणता? दगड मारणाऱ्यांवर आणि क्लॅनवर दावा झाला, १९८८ मध्ये ज्युरीने नऊ लाखांहून जास्त डॉलरचा दंड ठोकला. तुम्ही आकडे मागता, हा आकडा का सोडलात?

जुना अटलांटाकर
सोडला नाही, माहीत नव्हता. ठीक आहे. '८७ नंतर उघडपणे दगड मारणं महाग पडलं, एवढं मानतो. 'बाहेरच्यांनी गोंधळ घातला' हे वाक्य त्या माहितीतून काढा, यालाही माझी हरकत नाही. पण आपण मोर्चामुळे इथे आलो हे मी मानणार नाही. आपण नोकरीमुळे आलो.

रानजाई
नोकरी अल्फारेटाला होती, फुल्टन काउंटीत. घर फोर्साइथमध्ये घेता आलं, ते का, हा माझा प्रश्न आहे. १९८७ च्या फेब्रुवारीत ऑप्रा विन्फ्रेने कमिंगमध्ये आपला टीव्ही कार्यक्रम केला तेव्हा प्रेक्षकांत फक्त इथले गोरे होते, आणि त्यांतले काही जण कॅमेऱ्यासमोर उघड म्हणाले की काळे इथे नकोत. अशा काउंटीत त्या साली तुमच्या नोकरीच्या जोरावर तुम्हाला कुणी घर विकलं असतं?

पिवळी_बस
मी शोधून पाहिलं. मुलीच्या शाळेत किंग यांचं 'माझं एक स्वप्न आहे' शिकवतात. घरापासून वीस मिनिटांवर काय झालं ते तिला माहीत नाही. मंगळवारी शाळांच्या बोर्डासमोर मला तीन मिनिटं मिळणार आहेत, ती मी शाळेच्या हद्दीसाठीच वापरणार, हे आधीच सांगते. पण रानजाई, तुम्ही वेगळं नाव नोंदवून हे मांडणार असाल तर तुमच्या मागे उभी राहीन. नोंदणी सोमवारी बंद होते.