‘रनिंग कर्नल’ला मराठीत काय म्हणाल?

तापीकाठ: जळगावात पॉलिटेक्निकच्या पोरांसाठी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या नोट्स मराठीत करतोय. कर्नल म्हणजे तिचा मूळ प्रोग्रॅम, मॉड्यूल म्हणजे त्याला नंतर जोडायचा तुकडा. ‘मॉड्यूल चालू कर्नलशी सुसंगत हवे’ असं लिहिलं आणि वर्गात हशा पिकला. चालू म्हणजे लबाड, कर्नल म्हणजे मिलिटरीतला! ‘नवीनतम’ही लिहिता येत नाही. अपडेटनंतर डिस्कवर नवं कर्नल येतं, पण रीबूट होईस्तोवर मेमरीत जुनंच असतं. ‘युनेम -आर’ ही कमांड दाखवते तेच मला म्हणायचंय.

शब्दवेडा: कर्नल कशाला? गाभा म्हणा, थेट ‘गर्भ’वरून आलेला. ‘कार्यरत गाभ्यास अनुरूप घटक.’

नॅरोगेज: अनुरूप वधूवर मेळाव्यात शोधतात हो! आणि आमच्या रावेरकडे गाभा म्हटलं की केळीचा खांबच आठवतो. दुकानात पोरं सरळ म्हणतात, ‘मॉड्यूल बसत नाही.’

तापीकाठ: बसत नाही, पण का? मॉड्यूलमध्ये व्हरमॅजिकची ओळ असते : कर्नलची आवृत्ती, एसएमपी (अनेक प्रोसेसरची सोय), प्रीएम्प्ट (हातातलं काम मध्येच थांबवायची सोय) वगैरे. ती जुळली नाही की मॉड्यूल बसवणारी इन्समॉड कमांड नुसतं ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ म्हणून मोकळी होते. खरं कारण डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत.

नॅरोगेज: मग ‘गेज जुळत नाही’ म्हणा. पाचोरा-जामनेरच्या जुन्या अडीच फुटी गाडीचा डबा भुसावळच्या मेन लाइनवर कसा चढेल?

तापीकाठ: रुळाइतकं सरळ नाही ते. कर्नल बनवताना मॉडव्हर्शन्स हा पर्याय निवडलेला असेल तर आवृत्तीचा आकडा वेगळा असला तरी चालतो. मॉड्यूल वापरतं त्या प्रत्येक सिम्बॉलचा (कर्नलमधल्या फंक्शन वा व्हेरिएबलच्या नावाचा) सीआरसी, म्हणजे पडताळणीचा आकडा, मात्र जुळावा लागतो.

शब्दवेडा: गेज इंग्रजीच की. असं करत करत मराठीत क्रियापदंच उरतील.

बोरीकाठची: तेवढी तरी आमची घ्या. अहिराणीत ‘चालस’ वेगळं, ‘चाली राह्यनं’ वेगळं. ‘चाली राह्यनं’ म्हणजे या घडीला, डोळ्यांदेखत. तुमचं रनिंग कर्नल ते हेच.

शब्दवेडा: पाठ्यपुस्तकात बोली?

बोरीकाठची: का, बोलीला काय काटे आहेत?

नॅरोगेज: आमच्याकडचा एक जण मॉडप्रोब या कमांडला फोर्स लावून न जुळणारं मॉड्यूल बसवतो. नंतर कर्नल ‘टेंटेड’ दाखवतं. त्याचा शब्द : ‘बाटलं’.

शब्दवेडा: छे! डागाळलं.

नॅरोगेज: डाग धुता येतो. हे रीबूटपर्यंत जात नाही.

बोरीकाठची: ‘बाटलं’ला जातीचा वास येतो, मुलांच्या नोट्समध्ये नको.

तापीकाठ: अहो, माझ्या ‘सुसंगत’चं काय?

शब्दवेडा: आधी ‘बाटणे’ची व्युत्पत्ती बघू. माझ्या मते ‘भ्रष्ट’…