मदत हवी आहे : शास्त्री नदी संपते कुठे आणि खाडी सुरू होते कुठे?

कोकणातल्या शास्त्री नदीचा उगमापासून मुखापर्यंतचा नकाशा हाताने काढतोय. प्रचितगडाच्या परिसरात सह्याद्रीत उगम, संगमेश्वरला सोनवीशी संगम, जयगडजवळ अरबी समुद्र, एवढं पक्कं आहे. अडलंय ते मधल्या पट्ट्यात.

पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारी ही नदी उन्हाळ्यात वरच्या भागात डोह आणि कोरडे धोंडे एवढीच उरते. शेजारच्या वाशिष्ठीला कोयनेच्या वीजगृहांतून सोडलेलं पाणी बारमाही मिळतं, हिला तसा आधार नाही. खाली मात्र भरतीचं पाणी आत शिरतं, त्यामुळे एप्रिलमध्येही पात्र भरलेलं दिसतं. ते नदीचं पाणी नव्हेच!

मग नकाशावर सीमा कुठे धरायची? भरतीने पाणी चढतं तिथपर्यंत, की खारटपणा जाणवतो तिथपर्यंत? या दोन जागा एक नसतात, आणि खारटपणाची हद्द तर ऋतूनुसार सरकते. सर्वेक्षणाच्या नकाशात कोरडे प्रवाह काळ्या रेषेने आणि पाणी निळ्याने दाखवतात, पण खारं-गोडं त्यातून कळत नाही.

काठावर राहणाऱ्यांनी कृपया सांगा : मे महिन्यात, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी कुठवर चढतं?