मदत हवी आहे : विद्यार्थ्यांची झोप, व्यायाम व आहार यांची प्रश्नावली

नमस्कार. सोलापुरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची झोप, व्यायाम व आहार यांचा परस्परसंबंध पाहण्यासाठी मी प्रश्नावली तयार करीत आहे. झोपेसाठी १९८९ साली प्रसिद्ध झालेली पिट्सबर्ग मापनपद्धती (झोपेचा दर्जा मोजणारी प्रश्नावली) घेतली असून, तिच्या ० ते २१ गुणांपैकी ५ हून अधिक गुण आल्यास झोप असमाधानकारक मानतात. व्यायामासाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे.

खरी अडचण आहाराची आहे. मला मिळालेल्या आहार-प्रश्नावलींच्या नमुन्यांत पाव आणि चीज आहे. कडक भाकरी व शेंगाचटणी कुठेच नाही. शिवाय खाणावळ बंद झाल्यावर अभ्यासासाठी जागणारी मुले चहावर भागवतात, त्यातील कॅफिनने झोप लागायला उशीर होतो आणि सकाळचा नाश्ता व मैदान दोन्ही चुकतात. परवा एका मुलीने ‘रात्रीचे जेवण’ या रकान्यात ‘चहा-खारी’ लिहून खोडले आणि ‘नाही’ असे लिहिले. ते पाहून मन अस्वस्थ झाले.

अशा खाण्याची नोंद कोणत्या शब्दांत विचारावी? एकदाच माहिती घेतल्यास कारण कोणते व परिणाम कोणता हे कळणार नाही, म्हणून आठवडाभराची रोजनिशी भरून घ्यावी का? परीक्षेचे दिवस टाळावेत का? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.